अपंगांच्या संस्थेत विश्वस्त बदलतात तेव्हा

छत्रपती राजाराम साखर कारखान्याची निवडणूक लागली की कसबा बावड्यात दुसरा विषय नसतो. कुठल्या पॅनेलमध्ये कोण, कुठल्या गटातून कोण, कुणाचा अर्ज बाद झाला, हे भाजी घेताना सुद्धा कानावर पडतं. एप्रिल २०२३ च्या निवडणुकीत तर गावोगावच्या सभासदांचे आकडे लोकांच्या तोंडपाठ झाले होते. हे चांगलंच आहे. ऊस आपला, कारखाना आपला, मग संचालक कोण हे माहीत असायलाच हवं.

पण याच गावातून सकाळी एखादं अपंग मूल विशेष शाळेच्या गाडीत बसतं, किंवा एखादी मुलगी संस्थेच्या वसतिगृहात राहायला जाते, त्या संस्थेचे विश्वस्त कोण, हे घरातल्या किती जणांना सांगता येईल? मुख्याध्यापिका माहीत असतात, मावशी माहीत असतात, गाडीचा ड्रायव्हर तर घरचाच झालेला असतो. विश्वस्त मात्र पावतीपुस्तकावरची नावं म्हणूनच उरतात. ती नावं बदलली तरी कुणी विचारत नाही. सहकारी संस्थांच्या निवडणुकीसाठी राज्यात स्वतंत्र प्राधिकरण आहे, मतदार यादी आहे, हरकतींची मुदत आहे. धर्मादाय संस्थेच्या नशिबी यातलं फार थोडं येतं. तिथली निवड संस्थेच्या घटनेप्रमाणे संस्थेतच होते आणि धर्मादाय कार्यालयाकडे त्याची खबर नंतर जाते. म्हणून ही खबर म्हणजे नेमकं काय, ती वेळेवर गेली नाही तर काय होतं आणि ज्या मुलांसाठी संस्था काढली त्यांना या सगळ्यात कुठे जागा आहे, हे समजून घेतलं पाहिजे.

आधी सही कशाकशावर लागते ते पाहू. बँकेचे चेक, अनुदानित शाळा असेल तर वेतन अनुदानाचे प्रस्ताव, शिक्षकांच्या मान्यतेचे कागद, इमारतीचा भाडेकरार, शाळेच्या गाडीचा विमा, देणगीदार कंपनीबरोबरचा करार, हे सगळं अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या सहीने चालतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे अपंगांसाठी संस्था चालवायची तर नोंदणी प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज आणि नूतनीकरणही याच सहीने होतं. आता कल्पना करा की जुने पदाधिकारी गेले, नवे निवडले, पण बँक म्हणते, ‘धर्मादायचं शेड्यूल वन, म्हणजे नोंदवहीचा उतारा आणा, त्यात तुमची नावं दिसत नाहीत.’ खातं अडकतं. दोन महिने पगार होत नाही. वाचा-उपचार देणाऱ्या ताईंना घर चालवायचं असतं, त्या खासगी दवाखान्यात नोकरी धरतात. सेरेब्रल पाल्सी असलेलं जे मूल त्यांच्या हाताखाली चमचा धरायला आणि ‘पाणी’ म्हणायला शिकलं होतं, त्याला पुन्हा नव्या माणसाच्या आवाजाची, स्पर्शाची सवय व्हायला महिने जातात. साध्या शाळेत शिक्षक बदलला तर मुलं आठवड्यात रुळतात. इथे तसं होत नाही. विश्वस्तांचा घोळ कागदावर सुरू होतो, पण तो सर्वांत आधी सोसतं ते मूल.

विश्वस्त हा संस्थेचा मालक नसतो, हे कायद्याने आणि व्यवहाराने दोन्हीकडून लक्षात ठेवावं लागतं. मालमत्ता त्याच्या नावावर दिसते ती दुसऱ्यासाठी सांभाळायला. कोल्हापूरला ही कल्पना नवी नाही. २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी इथे वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. त्यांना जागा दिल्या, उत्पन्नाची सोय लावली आणि कारभार पाहायला माणसं नेमली. दरबारचा पैसा घ्यायचा, पण बोर्डिंग चालवायचं ते मुलांच्या नावाने, ही शिस्त या शहराने त्या काळापासून पाहिली आहे. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. पाऊणशे वर्षं झाली, पण देऊळ असो, तालीम असो की अपंगांची शाळा, सगळ्यांचं दप्तर अजून त्याच १९५० च्या कायद्याखाली आहे.

अपंगांसाठी काम करणाऱ्या बहुतेक संस्था दोन प्रकारच्या असतात. काही न्यास म्हणून नोंदलेल्या, त्यांचा नोंदणी क्रमांक ‘ई’ या अक्षराने सुरू होतो. काही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी म्हणून निघालेल्या असतात. आपल्या राज्यात त्यांनाही धर्मादायकडे दुसरी नोंदणी करावी लागते आणि त्यांचा क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. पावतीवर हे अक्षर पाहायची सवय लावून घ्या, कारण विश्वस्त कसे बदलतात हे त्यावर अवलंबून असतं. न्यासात विश्वस्तपत्रात लिहिल्याप्रमाणे उरलेले विश्वस्त नवा विश्वस्त नेमतात. सोसायटीत सभासद असतात, वार्षिक सर्वसाधारण सभा असते आणि ठरावीक मुदतीने कार्यकारी मंडळ निवडलं जातं. निदान कागदावर तरी तसं असतं.

आता बदलाची खबर. १९५० च्या विश्वस्त कायद्याचं कलम २२ सांगतं की नोंदवहीतल्या कुठल्याही माहितीत बदल झाला तर तो झाल्यापासून ९० दिवसांच्या आत उपायुक्त किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे कळवायचा. या अर्जाला सगळे जण चेंज रिपोर्टच म्हणतात. तो अनुसूची तीनमध्ये भरायचा, आणि जो विश्वस्त तो दाखल करतो तो रिपोर्टिंग ट्रस्टी. अर्ज दोन-चार पानांचाच असतो. डाव्या रकान्यात जुनी नोंद, उजव्या रकान्यात नवी. वजन सगळं जोडपत्रांचं. सभेची नोटीस आणि ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, कार्यवृत्तातला ठराव, गेलेल्या माणसाचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, आलेल्या माणसाचं संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र. यातला एखादा कागद नसला की तारीख पडते. कोरम नव्हता, किंवा नोटीस घटनेत सांगितलेल्या दिवसांआधी निघाली नव्हती, असं दिसलं तर सगळी निवडच वादात सापडते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मिनिट बुकाच्या वहीत. बऱ्याच लहान संस्थांची वही ऑडिटच्या आधी एका बैठकीत, एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात लिहून पूर्ण केलेली असते. सभा खरीच झालेली असते, माणसंही प्रामाणिक असतात, पण वेळच्या वेळी लिहिलं नाही म्हणून पुढे कुणी हरकत घेतली तर सिद्ध काय करणार? अपंगांच्या संस्थांत हे विशेष घडतं, कारण तिथली माणसं दिवसभर मुलांमागे धावत असतात आणि कागद त्यांना दुय्यम वाटतो. वाटणं समजण्यासारखं आहे. पण वाद उभा राहतो त्या दिवशी संस्थेच्या बाजूने बोलायला ती वहीच असते.

अर्ज मंजूर होईपर्यंत नव्या मंडळाने हात बांधून बसायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. तसं नाही. निवड कायदेशीर झाली असेल तर बदल निवडीच्या दिवशीच घडलेला असतो आणि चेंज रिपोर्टने त्याची फक्त नोंद होते, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. व्यवहारात मात्र बँका आणि सरकारी कचेऱ्या नोंदीवरच अडून बसतात, आणि पूर्वी हे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून राहत. काही ठिकाणी एक अर्ज निकाली निघायच्या आत पुढची निवडणूक होऊन जाई. २०१७ च्या दुरुस्तीने यावर थोडा इलाज केला. विश्वस्तांच्या नावातला बदल कामकाजाच्या पंधरा दिवसांत तात्पुरता मंजूर करता येतो, मग हरकतींसाठी तीस दिवसांची नोटीस निघते, आणि कुणाचीच हरकत आली नाही तर तोच आदेश कायम होतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. ज्या संस्थेत भांडण नाही तिला या दुरुस्तीचा खरा फायदा आहे. तो फायदा घ्यायचा तर ९० दिवस मात्र पाळले पाहिजेत.

भांडण असलं की रस्ता लांबतो. सहायक आयुक्तांच्या निर्णयावर वरच्या धर्मादाय अधिकाऱ्याकडे अपील आणि तिथून न्यायालय. आजवर असे कितीतरी विश्वस्तांचे वाद कलम ७२ खाली जिल्हा न्यायालयात आले, आणि कोल्हापूरचं जिल्हा न्यायालय बावड्याच्याच रस्त्यावर, न्यायसंकुलात आहे. त्यापुढे पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, त्यामुळे निदान प्रवासाचा खर्च तरी वाचला. दहा वर्षं चाललेल्या वादात कोण जिंकलं याला माझ्या मते फार अर्थ नसतो. वाद सुरू झाला तेव्हा आठ वर्षांचं असलेलं मूल तोवर अठराचं होऊन शाळेबाहेर पडलेलं असतं.

अपंगांच्या क्षेत्रात कोल्हापूरचं नाव ज्यांच्यामुळे महाराष्ट्रभर गेलं त्या नसीमा हुरजूक. ऐन तारुण्यात त्यांच्या कमरेखालचं शरीर लुळं पडलं. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाणांनी त्यांना उभारी दिली. केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी करता करता त्यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. उचगावला ‘घरौंदा’ हे वसतिगृह झालं, अपंग आणि धडधाकट मुलं एका वर्गात बसतील अशी शाळा झाली, सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ वसली आणि तिथे काजू प्रक्रियेचं काम अपंगांच्या हाती आलं. ‘चाकाची खुर्ची’ या त्यांच्या आत्मकथनाने ही गोष्ट घरोघर पोचवली. पुढे नसीमादीदींनी ‘साहस डिसॅबिलिटी रिसर्च अँड केअर फाउंडेशन’ या वेगळ्या संस्थेचं काम उभं केलं. ज्या संस्थेची ओळखच एका व्यक्तीच्या नावाने झाली ती त्या व्यक्तीनंतर दुसऱ्यांनी चालवायची, आणि त्या व्यक्तीने पुन्हा नव्याने सुरुवात करायची, हे दोन्ही अवघड. कोल्हापूरकरांनी ते जवळून पाहिलं आहे.

मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. संस्था काढणारी व्यक्ती स्वतः अपंग होती. जिना कुठे अडतो, संडासाचं दार किती रुंद हवं, वसतिगृहातल्या मुलीला पालथं झोपून किती वेळ अभ्यास करता येतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. दयेपोटी काढलेल्या संस्थेत आणि अशा संस्थेत फरक पडतो तो इथे. म्हणून जेव्हा अशा संस्थेत विश्वस्त बदलतात तेव्हा ‘नवे लोक सज्जन आहेत का’ एवढंच पाहून भागत नाही. त्यांच्यात अपंग किती, पालक किती, हेही पाहावं लागतं.

वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीचं उदाहरण वेगळ्या अंगाने शिकवतं. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये ती स्थापन केली. आनंदवनात कुष्ठरुग्णांबरोबर अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आल्या, १९७३ मध्ये हेमलकशाचं काम सुरू झालं. ९ फेब्रुवारी २००८ ला बाबा गेले, पण तोवर आनंदवन विकास आमटे आणि हेमलकसा प्रकाश आमटे कित्येक वर्षं सांभाळत होते. संस्थापकाच्या हयातीतच कामाची वाटणी झालेली असली की पहिला धक्का सोसतो. त्यानंतरच्या पिढीचा प्रश्न प्रत्येक कुटुंबप्रधान संस्थेला नव्याने सोडवावा लागतो, आणि तो नात्यावर सोडून चालत नाही, घटनेत लिहावा लागतो.

जगात याचा विचार कसा झाला तेही पाहू. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार २००६ चा, भारताने तो १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१८ मध्ये अपंगांसाठी चालणाऱ्या संस्था आणि अपंगांनी चालवलेल्या संस्था यांत स्पष्ट भेद केला. दुसऱ्या प्रकारात नेतृत्व अपंगांकडे हवं आणि सभासदांत त्यांचं ठळक बहुमत हवं. आपल्याकडे शिबिरं घेणाऱ्या, सायकली वाटणाऱ्या, शाळा चालवणाऱ्या बहुसंख्य संस्था पहिल्या प्रकारात मोडतात. त्यांनी एकदम दुसऱ्या प्रकारात जावं असं कुणी म्हणत नाही. पण विश्वस्तांची एखादी जागा रिकामी होते तेव्हा पहिलं नाव कुणाचं सुचतं? देणगीदार, डॉक्टर, सनदी लेखापाल, निवृत्त अधिकारी. सगळे हवेत. त्यांच्यात चाकाच्या खुर्चीवरचा एखादा वकील किंवा मतिमंद मुलाची आई का नको?

आपल्या विश्वस्त कायद्यात याच्याशी जोडलेली एक बारीक फट आहे. विश्वस्तांच्या कारभाराबद्दल दाद मागू शकणारी ‘हितसंबंधित व्यक्ती’ कोण, हे कलम २ मध्ये सांगितलं आहे. साध्या न्यासात लाभार्थी त्यात थेट मोडतो. सोसायटी असेल तर मात्र तिथे सभासदाचा उल्लेख आहे. म्हणजे ‘एफ’ क्रमांकाच्या संस्थेत पंधरा वर्षं राहिलेली मुलगी किंवा तिचे वडील सभासद नसतील, तर नव्या मंडळाच्या निवडीवर हरकत घेताना ‘तुमचा संबंध काय?’ या प्रश्नापासूनच लढाई सुरू होते. यावरचा उपाय कोर्टात शोधायची गरज नाही, तो सभासद नोंदणीच्या अर्जात आहे. संस्थेने पालकांना आणि सज्ञान माजी विद्यार्थ्यांना अल्प वर्गणीत सभासद करून घ्यावं. जी संस्था हे टाळते तिला कुणाची भीती वाटते, हे विचारायला हरकत नाही.

पालकत्वाचा धागाही यातच गुंतलेला आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. त्यासाठी आईवडील, नातेवाईक आणि नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर वर्षी हिशोब सादर करायचा. आईवडिलांच्या मागे मुलाचं कसं होणार या काळजीने कित्येक घरांनी संस्थेवर भिस्त ठेवलेली असते. त्या संस्थेत पदाधिकारी बदलले की हे हिशोब कुणी ठेवायचे, ठेवपावत्या कुठल्या कपाटात आहेत, हे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळलं पाहिजे.

तहहयात विश्वस्त हा आणखी एक जुना दुखरा भाग. ज्याने जमीन दिली, ज्याने रक्ताचं पाणी केलं, त्याला मरेपर्यंत ठेवावं ही भावना खोटी नाही. पण सातही विश्वस्त तहहयात असले आणि सगळे सत्तरीच्या पुढचे असले की एक दिवस कोरमच उरत नाही. कधी कधी सगळे विश्वस्त वारलेले, नोंदवहीत मात्र तीच नावं, असंही होतं. मग हितसंबंधित व्यक्तींना विश्वस्त कायद्याच्या कलम ४७ खाली नवे विश्वस्त नेमण्याचा अर्ज करावा लागतो. २०२५ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून यावर मर्यादा आणली. संस्थेच्या मूळ दस्तऐवजात खास तरतूद नसेल तर तहहयात विश्वस्त एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावेत. त्याचा परिणाम थेट मुंबईच्या टाटा ट्रस्टपर्यंत गेला आणि तिथे तहहयात केलेली नेमणूक तीन वर्षांच्या मुदतीची करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेला जो नियम पाळावा लागतो तो गावातल्या शाळेने पाळायला कमीपणा कसला?

जमिनीबद्दलही बोललं पाहिजे. बावड्याच्या आसपास जिथे ऊस होता तिथे प्लॉट पडले, अपार्टमेंट उठली. तीस-चाळीस वर्षांपूर्वी गावाबाहेर म्हणून मिळालेली संस्थेची जागा आता मोक्याची झालेली असते. विश्वस्त मंडळात अचानक रस घेणारे लोक पुष्कळदा त्या जागेकडे पाहून येतात. कलम ३६ प्रमाणे विश्वस्तांना स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्याने देतानाही ती परवानगी लागते. परवानगीच्या अर्जावर सही करणारे कोण असणार, हे चेंज रिपोर्टच्या वेळीच ठरतं. म्हणून जागरूक राहायची वेळ हीच.

बदल शांतपणे पार पाडायचा तर फार काही लागत नाही. सगळे विश्वस्त एकदम न बदलता एक तृतीयांश जागा आलटून पालटून रिकाम्या व्हाव्यात, म्हणजे जुना-नवा एकत्र बसतो. जाणाऱ्याने चार्ज यादी करून द्यावी. तिच्यात बँक खाती, ठेवी, अनुदानाचे थकलेले प्रस्ताव, चालू खटले, नोंदणी प्रमाणपत्राची संपणारी तारीख, आयकराच्या सवलतीची मुदत आणि संगणकाचे पासवर्ड सगळं असावं. परदेशी देणगीचा परवाना असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाला बदल कळवायचा असतो, तो विसरला तर परवाना धोक्यात येतो. आणि नव्या अध्यक्षांनी पहिली बैठक कार्यालयात न घेता दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांच्या पंगतीत जाऊन बसावं. कोण हाताने जेवतं, कुणाला भरवावं लागतं, पाणी कोण मागतं आणि कोण मागू शकत नाही, हे ताळेबंदात सापडणार नाही.

तुमचं मूल अशा संस्थेत असेल, किंवा तुम्ही वाढदिवसाला तिथे जेवण देत असाल, तर एवढं करा. संस्थेकडे अनुसूची एकचा, म्हणजे बँक मागते त्या शेड्यूल वनचा, ताजा उतारा मागा, त्यावरची विश्वस्तांची नावं आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यांची नावं जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर चेंज रिपोर्टचा क्रमांक आणि दाखल केल्याची तारीख विचारा. पालक असाल तर सभासदत्वाचा अर्ज याच महिन्यात द्या आणि पुढच्या सर्वसाधारण सभेला जाऊन बसा.